पोरगा पळतो वाऱ्यासारखा, पण मोकळा होतो का?

मी मिनेसोटात आलो २००५ च्या ऑगस्टमध्ये. सप्टेंबर उजाडला आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ दर सोमवारी सुतक लागल्यासारखा चेहरा घेऊन यायला लागले. काय झालं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: रँडी मॉसला घालवला, आणि त्याच्या जागी आणलेल्या पोराच्या हातात बॉल राहत नाही. मॉस कोण, हा पोरगा कोण, आणि हातात बॉल राहणं एवढं अवघड का असावं, यातलं मला काहीच कळत नव्हतं. आता वीस वर्षांनी थोडंफार कळतं. अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजातून वाइड रिसीव्हर कसे निवडतात आणि त्यात इतक्या वेळा कसे तोंडावर आपटतात, हे समजून घ्यायला आमचा मिनेसोटा वायकिंग्स हा एकच संघ पुरेसा आहे. दोन्ही टोकं या एकाच घरात सापडतात.

आधी खेळ, अगदी थोडक्यात. शंभर यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा जण. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर बॉल समोरच्यांचा. पुढे न्यायचे रस्ते दोन. एक तर पोटाशी धरून पळायचं, नाहीतर क्वार्टरबॅकने लांब फेकायचा आणि पुढे कोणीतरी झेलायचा. झेलणं हेच ज्याचं मुख्य काम तो वाइड रिसीव्हर. रांगेपासून फटकून, मैदानाच्या कडेला उभा राहतो म्हणून ‘वाइड’. त्याच्यासमोर त्याची वाट अडवायला उभा असतो तो कॉर्नरबॅक.

क्वार्टरबॅकच्या अंगावर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं धावून येत असतात, त्यामुळे त्याच्या हातात अडीच-तीन सेकंदच असतात. तेवढ्यात रिसीव्हरने कॉर्नरबॅकला चकवून हातभर का होईना, मोकळी जागा काढायची. बऱ्याचदा रिसीव्हर वळायच्या आधीच बॉल सुटलेला असतो. तो अमुक पावलावर वळेल या भरवशावर फेकलेला. तो पाऊलभर उशिरा वळला की बॉल समोरच्याच्या हातात.

खो-खो खेळलेल्या माणसाला हे लगेच पटेल. शाळेच्या शंभर मीटर शर्यतीत पहिला येणारा पोरगा खो-खोत पहिल्या मिनिटात बाद होतो, आणि शर्यतीत पाचवा येणारा एखादा किरकोळ अंगाचा पोरगा साखळी पळत सगळ्यांना घाम फोडतो. त्याच्याकडे हूल असते. खांदा एकीकडे दाखवायचा, पाय दुसरीकडे टाकायचा. रिसीव्हरचं निम्मं काम म्हणजे ही हूल, आणि निवडीच्या वेळी नेमकी तीच मोजता येत नाही. सगळी गोम इथे आहे.

बाजार कसा भरतो

दरवर्षी एप्रिलअखेर ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातल्या पोरांची निवड. बत्तीस संघ, सात फेऱ्या. आयपीएलसारखी बोली नसते. आदल्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला तो पहिला उचलतो, विजेता शेवटी. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या डोक्यातून निघालेली ही पद्धत १९३६ पासून चालू आहे. खेळाडूला ‘मला अमुक संघ हवा’ म्हणायची सोय नाही. संघांना मात्र आपला नंबर विकता येतो, बदलता येतो, पुढच्या वर्षीचा आज गहाण टाकता येतो. पगारही नंबराबरोबर जवळजवळ ठरूनच येतो; २०११ च्या करारापासून तर त्यात घासाघीस करायला जागाच उरलेली नाही.

हा पगाराचा मुद्दा लक्षात ठेवा. प्रत्येक संघाला एकूण पगारखर्चाची मर्यादा असते. २०२४ साली ती सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर होती. त्याच वर्षी जस्टिन जेफरसन या रिसीव्हरने वायकिंग्सशी चार वर्षांचा चौदा कोटींचा करार केला, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. हाच जेफरसन २०२० मध्ये ड्राफ्टमधून आला तेव्हा चार वर्षांचे मिळून त्याला सव्वा ते दीड कोटीच्या दरम्यान मिळणार होते. ड्राफ्टमध्ये चांगला रिसीव्हर लागला तर चार वर्षं सोनं पितळेच्या भावात पडतं, आणि वाचलेल्या पैशांतून बाकीचा संघ उभा राहतो. म्हणून सगळे जीव टाकतात.

ड्राफ्टच्या आधी, फेब्रुवारी संपता संपता, इंडियानापोलिसमध्ये ‘कंबाइन’ भरतो. तीनशेहून जास्त पोरं बोलावतात. वजन, उंची, हाताची लांबी, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा किती पसरतो, सगळं मोजतात. डॉक्टर जुनी दुखणी दाबून बघतात. सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंडाचे दात बघतात, शेपटी उचलतात, चार पावलं चालवून बघतात, त्यातलाच प्रकार. मग पंधरा-वीस मिनिटांच्या मुलाखती, म्हणजे कांदेपोहे. मुलगा पढवलेली उत्तरं देतो, समोरचे मान डोलावतात.

पण सगळ्यांच्या नजरा असतात चाळीस यार्डांच्या धावेवर. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, तेव्हा दोन खेळपट्ट्यांना थोडं कमी. रिसीव्हरने ४.५ सेकंदांत हे अंतर कापलं तर ठीक, ४.४ म्हणजे छान, ४.३ म्हणजे टीव्हीवर आरडाओरडा. विक्रम ४.२१ चा आहे, झेवियर वर्दीचा, २०२४ मधला. त्याआधीचा ४.२२ चा, २०१७ मध्ये जॉन रॉसने केलेला. सिनसिनाटी बेंगॉल्सने रॉसला नवव्या नंबरावर उचलला. पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही.

मोजायला सोपं ते किमतीला चढतं. फसलेल्या निवडीनंतर मालकासमोर उभं राहून ‘साहेब, ४.३ पळत होता हो’ असं म्हणता येतं. ‘याचा खांदा फार छान खोटं बोलायचा’ असं सांगून नोकरी वाचत नाही.

मॉसच्या सावलीमागे

रँडी मॉस १९९८ मध्ये आला, एकविसाव्या नंबरावर. त्याच्याआधी वीस नावं पुकारली गेली, त्यात एक रिसीव्हरही होता. मॉसइतका धिप्पाड, उंच आणि वेगवान माणूस कोणाला दिसला नव्हता असं नाही. सगळ्यांना दिसला होता. पण नोत्र दाम कॉलेजने त्याची जागा काढून घेतली होती, फ्लोरिडा स्टेटनेही घालवला होता, आणि शेवटी तो मार्शलसारख्या लहान कॉलेजातून खेळला. पोरगा वाया गेलेला आहे, नसती ब्याद नको, असं म्हणून एकेक संघ पुढे गेला. वायकिंग्सने उचलला. पहिल्याच मोसमात १७ टचडाउन, म्हणजे बॉल थेट समोरच्यांच्या टोकापलीकडे. त्याला सोडून देणाऱ्यांत डॅलस होतं. त्यांच्याच मैदानावर, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, त्याने तीन झेल घेतले आणि तिन्हींवर टचडाउन केलं. तीन झेलांत १६३ यार्ड. इथले जुने लोक अजून हा आकडा पाढ्यासारखा म्हणतात.

तर असा मॉस २००५ मध्ये ओकलंड रेडर्सकडे गेला. बदल्यात लाइनबॅकर म्हणजे बचावातला एक खेळाडू, एक शेवटच्या फेरीचा नंबर आणि मुख्य म्हणजे त्या वर्षीचा सातवा नंबर आला. त्या सातव्या नंबरावर वायकिंग्सने साउथ कॅरोलायना कॉलेजचा ट्रॉय विल्यमसन घेतला. चाळीस यार्ड ४.३ च्या आसपास. मॉस गेला म्हणून मॉसचा वेग आणला, आणि बाकीचा मॉस मागोमाग येईल असं धरून चालले.

विल्यमसन मोकळा व्हायचा, हे कबूल केलं पाहिजे. निदान सरळ रेषेत तरी व्हायचा. पण बॉल हातात येऊन सुटायचा. त्याची नजर, अंतराचा अंदाज, यांवर खास सराव झाला, तपासण्या झाल्या. तीन मोसमांत ७९ झेल, १,०६७ यार्ड, तीन टचडाउन. मग सहाव्या फेरीच्या एका नंबराच्या बदल्यात त्याला जॅक्सनव्हिलला देऊन टाकला. त्याच ड्राफ्टमध्ये सत्ताविसाव्या नंबरावर अटलांटाने रॉडी व्हाइट घेतला होता. तो पुढे चार वेळा ‘प्रो बोल’साठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला.

हात कसे ओळखायचे? कंबाइनमध्ये एक सराव असतो, त्यात पोराने एका आडव्या रेषेवरून पळत राहायचं आणि डावीकडून, उजवीकडून आलटून पालटून येणारे बॉल झेलत, टाकत पुढे जायचं. तो बघताना बॉल किती झेलले हे मोजू नका, कसे झेलले ते बघा. चांगला रिसीव्हर बॉलला सामोरा हात करतो, बोटांनी पकडतो, अंगापासून लांब. ज्याला स्वतःच्या हातांची खात्री नसते तो बॉल छातीपर्यंत येऊ देतो आणि मग दोन्ही हातांनी कवटाळतो, पावसात भिजलेलं पार्सल सांभाळल्यासारखा. छातीवरचा बॉल उसळतो, आणि मधल्या अर्ध्या सेकंदात कॉर्नरबॅकचा हात येतो. आणखी एक खूण आहे. बॉल हातात शिरायच्या आधीच ज्याची मान पुढे पळायच्या दिशेला वळते, तो पुढेही सोडत राहणार.

आणि हे सगळं बघूनही पोरगा साफ चुकीचा निघू शकतो. ते पुढे येईलच.

कॉर्नरबॅकची कंबर

आपण टीव्हीवर सामना बघतो तेव्हा कॅमेरा बॉलच्या मागे असतो. रिसीव्हर चौकटीबाहेर गेलेला असतो, आणि एकदम शेवटी बॉलबरोबर परत दिसतो. संघांचे पारखी वेगळं चित्रीकरण बघतात: उंचावरून, बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असं. त्यात ते बॉल न आलेल्या धावा आधी काढतात. साठ धावांत आठ वेळा बॉल आला असेल, तर उरलेल्या बावन्न वेळा हा काय करत होता, यात त्याचं खरं चरित्र असतं.

धावा आखलेल्या असतात, त्यांना ‘रूट’ म्हणतात. एका खोडातून फुटलेल्या फांद्यांसारखं त्यांचं चित्र काढतात, आणि फांद्यांना आकडे देतात. नऊ म्हणजे सरळ पळ, दोन म्हणजे दोन-तीन पावलांत तिरका आत, असं. कॉलेजांच्या झटपट खेळात कितीतरी पोरं तीन-चार फांद्यांवरच सगळा मोसम काढतात. व्यावसायिक संघात झाड अख्खं लागतं.

एकच फांदी जवळून बघू, तीन नंबरची, ‘कमबॅक’. रिसीव्हर पंधराएक यार्ड जीव तोडून सरळ पळतो. कॉर्नरबॅक आधी त्याच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागे सरकत असतो. उलटं किती वेळ पळणार? एका क्षणी त्याला वाटतं, हा आता माझ्या डोक्यावरून जाणार, आणि तो कंबर वळवून सरळ पळायला लागतो. तो क्षण रिसीव्हरचा. तो दोन-तीन पावलांत ब्रेक मारतो आणि कडेच्या रेषेकडे, थोडा मागे येतो. कंबर वळलेल्या माणसाला थांबून उलटं यायला जो वेळ लागतो तेवढीच मोकळी जागा, आणि बॉल आधीच हवेत आहे.

म्हणून बघताना रिसीव्हरकडे बघण्याआधी कॉर्नरबॅकची कंबर बघा. ती फसून वळली तर रिसीव्हरने काहीतरी केलं. वळलीच नाही, तर ब्रेक मारायच्या आधी रिसीव्हरने चुगली केली असणार: पावलं आखूड केली, छाती उचलली, हात पसरले. कॉलेजात एवढ्याने बिघडत नाही. इथल्या कॉर्नरबॅकला ती चुगली वाचायचाच पगार मिळतो.

कॉलेज आणि व्यावसायिक खेळ दिसायला सारखे, पण खेळायला वेगळे, हेही इथेच सांगतो. कॉलेजात कडेच्या रेषेपाशी झेल घेताना एक पाय आत टेकला की झेल मान्य. इथे दोन्ही टेकावे लागतात. चार वर्षं एका पायाने सुंदर झेल घेतलेला पोरगा इथे येतो आणि त्याचे तेच झेल पंच बाहेर काढतात. शिवाय कॉलेजातले कॉर्नरबॅक बऱ्याचदा सात-आठ यार्ड लांब उभे राहून मोकळं पळू देतात. इथे नाकासमोर उभे राहतात आणि पहिल्या पाच यार्डांत हाताने रेटतात. पाच यार्डांपर्यंत तशी मुभा आहे. तिथून सुटायला पाय आणि हात दोन्ही लागतात, आणि कॉलेजात कोणी अडवलंच नसेल तर पोराला ते जमतं की नाही हे चित्रीकरणातून कळणार कसं? दिसत नाही ते नाही असं धरणं चूक, आहे असं धरणं त्याहून मोठी चूक.

आकडेवारी इथे थोडी मदत करते. नुसते यार्ड बघू नका, दर धावेमागे किती यार्ड ते बघा. समजा एकाने ५०० धावांत १,००० यार्ड काढले आणि दुसऱ्याने ३०० धावांत ९००. पहिल्याचा आकडा पेपरात छापून येतो, पण दुसरा दर धावेला तीन यार्ड देतोय. आणि वय बघा. एकोणिसाव्या वर्षी बावीस-तेवीसच्या पोरांना चकवणारा मुलगा वेगळा, आणि तेविसाव्या वर्षी एकोणीसच्या पोरांना चकवणारा वेगळा. दहावीत दोनदा बसलेला मुलगा वर्गात उंच दिसतोच.

गर्दीतला झेल

२०१६ मध्ये वायकिंग्सने पुन्हा पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला. ओल मिस कॉलेजचा लक्वॉन ट्रेडवेल, नंबर तेवीस. या वेळी वेगाच्या मोहात पडले नाहीत हे नक्की. कंबाइनमध्ये तो चाळीस यार्ड पळालाच नाही, आणि नंतर कॉलेजात पळाला तेव्हा वेळ ४.६ च्या पुढे गेली. त्याचं कौतुक होतं ते दांडगाईचं. दोघांच्या मधून बॉल हिसकावून घ्यायचा. पाय मोडलेला असून परत उभा राहिला होता, मेहनती होता, स्वभावाचा चांगला होता. मला स्वतःला ही निवड आवडली होती, खोटं कशाला बोलू.

पहिल्या मोसमात एक झेल. पंधरा यार्ड. चार वर्षांत ६५ झेल.

गर्दीतले झेल टाळ्या घेतात, पण तिथे आधी विचारायला हवं होतं की गर्दी झालीच का. ज्याच्या अंगाला कॉर्नरबॅक सतत चिकटलेला असतो तोच गर्दीत झेलतो. कॉलेजात आपल्यापेक्षा हलक्या पोरांना रेटून हे जमून जातं. इथे समोरचाही तेवढाच दणकट असतो, आणि क्वार्टरबॅक मोकळा माणूस शोधतो, झुंज द्यायला तयार असलेला नाही. त्या वर्षी पहिल्या फेरीत चार रिसीव्हर गेले, चौघांपैकी एकाचंही सोनं झालं नाही. दुसऱ्या फेरीत, सत्तेचाळिसाव्या नंबरावर, न्यू ऑर्लिन्सने मायकल थॉमस घेतला. २०१९ मध्ये त्याने एका मोसमात १४९ झेलांचा विक्रम केला. पाचव्या फेरीत टायरीक हिल गेला.

गंमत अशी की त्याच काळात वायकिंग्सकडे दोन उत्तम रिसीव्हर होते, आणि दोघेही जवळजवळ फुकटात आलेले. स्टेफॉन डिग्स २०१५ च्या पाचव्या फेरीत, १४६ वा. कॉलेजात सारखा जायबंदी, म्हणून खाली घसरलेला. दुसरा ॲडम थीलन. इथलाच, मिनेसोटाचाच मुलगा. मँकेटोच्या छोट्या कॉलेजात पाचशे डॉलरच्या शिष्यवृत्तीवर खेळलेला. २०१३ मध्ये बत्तीस संघांनी सात फेऱ्यांत त्याचं नाव घेतलं नाही. तो चाचणीला आला, सराव संघात राहिला, आणि २०१८ मध्ये पहिल्या आठही सामन्यांत त्याने शंभर यार्ड ओलांडले. दोघांची धाव बघितली की कळतं, दोघांनाही कॉर्नरबॅकची कंबर कळायची. थीलनला मी सरावात लांबून पाहिलंय; वळायच्या आधी डोळ्यांनी पण खोटं बोलायचा.

बावीस नंबर

मार्च २०२० मध्ये नाराज डिग्स बफेलो बिल्सकडे गेला. बदल्यात काही नंबर आले, त्यातला मुख्य त्या वर्षीचा बावीस. म्हणजे पंधरा वर्षांनी पुन्हा तेच: आवडता रिसीव्हर घालवला, हातात पहिल्या फेरीचा एक नंबर, आणि मिनेसोटाचे लोक कपाळाला हात लावून बसलेले. शेजारच्या गृहस्थांनी मला तेव्हा स्पष्ट सांगितलं की यंदा ड्राफ्ट बघणार नाही.

त्या वर्षी पहिल्या फेरीत सहा रिसीव्हर गेले. पहिला गेला तो सगळ्यात वेगवान, ४.२७ चा हेन्री रग्स. त्याची कारकीर्द दुसऱ्याच मोसमात त्याच्या दारू पिऊन गाडी चालवण्याने संपली, एका तरुणीचा त्यात जीव गेला. त्याला खेळाच्या हिशेबात धरण्यात अर्थ नाही. मग जेरी जूडी, सीडी लँब. एकविसाव्या नंबरावर ईगल्सना मैदान लांबवर ताणणारा वेगवान माणूस हवा होता, त्यांनी जेलन रेगर घेतला. बावीसला वायकिंग्सने एलएसयू कॉलेजचा जस्टिन जेफरसन घेतला.

वेगाचीच गोष्ट करायची तर चाळीस यार्ड रेगरने ४.४७ ला कापले होते आणि जेफरसनने ४.४३ ला. मग जेफरसन मागे का राहिला? त्याचे आकडे तर डोळे दिपवणारे होते, १११ झेल, १,५४० यार्ड, संघ एकही सामना न हरता विजेता. शंका दोन होत्या. फेकायला जो बरोसारखा क्वार्टरबॅक आणि पलीकडच्या बाजूला जमार चेससारखा रिसीव्हर असताना कोणीही चमकेल. आणि त्या वर्षी तो बहुतेक ‘स्लॉट’मध्ये, म्हणजे कडेपासून आत, रांगेच्या जरा मागे उभा राहिला होता. तिथे नाकासमोर कोणी रेटत नाही, डावीकडेही पळता येतं, उजवीकडेही. कडेला उभा केला तर जमेल का?

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर एक वर्ष मागे पडून होतं. २०१८ मध्ये, संघ इतका भारी नसताना, तो कडेलाच खेळायचा, आणि संघात सगळ्यात जास्त झेल त्याचेच होते. पारखी माणसालाही ताजं चित्रीकरण जुन्यावर पांघरूण घालतं. वायकिंग्सनी फार खोल जाऊन हे ओळखलं होतं असा दावा मी करणार नाही. त्यांचा नंबर बावीस होता आणि आधीचे चार रिसीव्हर गेल्यावर हा उरला होता म्हणूनही आपल्याला तो मिळाला असेल. केड मॅसी आणि पुढे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टचा अभ्यास केला होता. एकाच जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या पाठोपाठ निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त, असं त्यांना आढळलं. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. एका माणसासाठी चार-चार नंबर उधळण्यापेक्षा जास्त नंबर हातात ठेवावेत, हा त्यातून निघणारा व्यवहार. २०१३ मध्ये वायकिंग्सनी नेमकं उलट केलं: चार नंबर देऊन कॉर्डॅरेल पॅटरसन आणला. तो किकऑफ, म्हणजे समोरच्यांनी लाथेने मारलेला बॉल, पळत परतवण्यात इतिहासात अव्वल निघाला, रिसीव्हर मात्र झाला नाही.

पहिल्या दोन मोसमांत रेगरचे ६४ झेल, ६९५ यार्ड. जेफरसनचे १९६ झेल, ३,०१६ यार्ड. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये ईगल्सनी रेगरला विकलं, आणि घेतलं कोणी, तर वायकिंग्सनी. ज्या दोघांच्या नावांत एका नंबराचं अंतर होतं ते एकाच ड्रेसिंग रूममध्ये आले. डिग्सचंही वाईट झालं नाही. बफेलोत पहिल्याच वर्षी १,५३५ यार्डांनी तो लीगमध्ये पहिला आला. क्वचित एखाद्या व्यवहारात दोन्हीकडची मंडळी पेढे वाटतात, हा तसा.

त्याच मोसमात, १३ नोव्हेंबर २०२२ ला, वायकिंग्स बफेलोत खेळायला गेले. समोर बफेलोच्या कपड्यांत डिग्स. शेवटची दोन मिनिटं, आमचे लोक चार गुणांनी मागे, चौथा प्रयत्न आणि अठरा यार्डांची गरज. गेला सामना. क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने उंच बॉल टाकला. मी नंतर ते दृश्य किती वेळा मागेपुढे केलं त्याला गणती नाही. जेफरसन मोकळा नव्हता. अजिबात नव्हता. बचाव करणारा त्याच्याबरोबर उडाला, त्याचे दोन्ही हात बॉलवर होते. जेफरसन मागे झुकत पडत होता, आणि पडता पडता एका हाताने त्याने बॉल त्या दोन हातांमधून ओढून घेतला.

मोकळं होण्याबद्दल मी वर जे दोन हजार शब्द लिहिलेत त्यांच्याशी या झेलाचा काही संबंध नाही. फोन वाजला. शेजारचे गृहस्थ आता निवृत्त होऊन डुलुथला तळ्याकाठी राहतात, ड्राफ्ट बघणार नाही म्हणणारे तेच. नुसता एक शब्द लिहून पाठवला होता: ‘राहिला!’